खाऱ्या वाऱ्याचं वैर

माणसं भाऊबंदांशी वैर धरतात, शेजाऱ्याशी धरतात, आणि आमच्यासारखी नोकरदार माणसं फार तर सरकारशी मनातल्या मनात धरतात; पण साक्षात समुद्राशी उघड वैर मांडून बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे मामा. पुढे ते सासरेही झाले, कारण आमच्या तंजावरकडच्या मराठी घरांत मामाची मुलगी करण्याची चाल आहे आणि स्थळं शोधत हिंडण्याचा कंटाळाही आहे. लग्नाआधी ते मला 'अरे' म्हणत. अक्षता पडल्या त्या क्षणापासून 'अहो जावईबापू' म्हणू लागले. मात्र साधा राग आला की जावईपण विसरून पुन्हा 'अरे'वर येत, आणि राग टोकाला गेला की पुन्हा 'अहो'वर जात. त्यामुळे आदरानं हाक आली की मी आधी पळायला वाट कुठं आहे ते पाहत असे.

समुद्र आमच्या कुंभकोणापासून चांगला लांब. निम्म्या गावानं तो जन्मात पाहिलेला नव्हता. मामांच्या लेखी मात्र तो शेजारच्याच घरात राहत होता आणि भिंतीला कान लावून बसला होता. त्यांचं खरं भांडण किनाऱ्यावरच्या एका गावाशी होतं. आमच्या घरी त्या गावाला नुसतं 'पट्टणम' म्हणत. तंजावरच्या राजांचा समुद्रकाठचा महाल तिथं होता. राज्य खालसा झालं, महाल साहेब लोकांकडे गेला, आणि उन्हाळ्यात हवा खायला येणाऱ्या गोऱ्यांना त्यातल्या खोल्या भाड्यानं मिळू लागल्या. मग आमच्या गावचे वकील आणि तांदळाचे व्यापारी यांनाही शोध लागला, की आपल्यालाही छाती आहे आणि तिला खारा वारा मानवतो. ते त्या गावात भाड्याची घरं घेऊन राहू लागले. ज्यांच्या बापांनी राजाच्या हातून इनामं घेतली, त्यांची मुलं आता राजाच्या महालासमोरच्या वाळूत, आत बसलेल्या साहेबाचा बँड ऐकायला उभी राहत, आणि परत आल्यावर त्याचं वर्णन करून सांगत. ऐकणाऱ्यांत आम्हीही होतो.

मामांच्या घरात समुद्राचं मीठ चालत नसे. "समुद्र सरकारचा, मीठ सरकारचं, आणि पोट तेवढं आमचं काय?" असं म्हणून ते सैंधव आणवत. कुणाकडे जेवायला गेले की कनवटीला सैंधवाची पुरचुंडी असे, आणि यजमानीणबाईंना आधीच निरोप गेलेला असे की अमक्याचं सांबार अळणी काढून ठेवा. माझ्या लग्नात तर सगळी पंगतच सैंधवावर होती. पहिल्या पंगतीला ते पुरलं. दुसऱ्या पंगतीला संपलं. आचाऱ्यानं घाबरत विचारलं, साधं मीठ घालू का? मामा म्हणाले, "सरि, बरं, घाल. पण मग लग्न मोडलं असं समज." वऱ्हाडी मंडळी अळणी भात-सांबार जेवून उठली. माझे एक काका पुढं अनेक वर्षं म्हणत, की ह्याच्या लग्नात नवरी तेवढी चवीची होती.

नवरी मला मिळाली तीही समुद्राच्याच कृपेनं. समुद्र आमच्या पूर्वेला, म्हणून मामा पूर्वेला जात नसत. त्यांचा सगळा प्रवास पश्चिमेचा. तिरुवलंचुळीला त्यांचा पानमळा होता, तिथं रोज, कधीमधी पापनाशम्, सणासुदीला तंजावर. त्यांच्या ह्या लेकीसाठी, तुळजासाठी, मायावरमकडून एक उत्तम स्थळ आलं होतं, घरची शेती, मुलगा इंग्रजी शिकलेला. मामांनी ते परत पाठवलं, कारण मायावरम समुद्राच्या वाटेवर. "आज मायावरमला दिली, उद्या बदली होऊन ती कुठं जाईल?" आमचं घर त्यांच्या घराच्या पश्चिमेला दोन गल्ल्या सोडून होतं. माझ्यात दुसरा काही गुण होता असं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

मरुदानल्लूरच्या मठात ते भजनाला जात. आवाज खणखणीत, ताल पक्का. पण पदात 'भवसागर' आला की पंचाईत. सगळे सागर म्हणत असताना मामांच्या तोंडून मोठ्यानं 'भवकावेरी' यायचं. एकदा भजन चालवणाऱ्या भागवतरांनी झांजा थांबवून विचारलं, "हे काय?" मामा म्हणाले, "देवानं मला कावेरीतून तारावं. समुद्रातून तारण्याची वेळ त्यानं मजवर आणू नये." भागवतर चांगले गृहस्थ होते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "ह्यांना कावेरी म्हणू द्या. मात्रा जुळतात की नाही ते देव पाहील."

उन्हाळा आला की मामा स्टेशनवर जात. पट्टणमकडे निघालेल्या मंडळींना परावृत्त करणं हे त्यांनी व्रत म्हणून घेतलं होतं. अनोळखी माणसांशी तमिळमध्ये, आपल्या लोकांशी आपल्या मराठीत, पण मुद्दा एकच. एका वकिलाचं सगळं कुटुंब ट्रंका, वळकट्या, फिरकीचे तांबे घेऊन फलाटावर उभं होतं. मामा त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. "कुठं निघालात?" वकील म्हणाले, "हवापालट." मामा म्हणाले, "अहो, ती हवा लोखंड खाते. खिडकीचे गज खाते, कुलपं खाते, तोफा खाल्ल्या तिनं. तुमची फुप्फुसं काय तोफांहून घट्ट जाहली?" वकिलांची आई धसकली आणि तिथंच ट्रंकेवर बसली. गाडी आली, गेली, कुटुंब परत घरी गेलं. त्या वकिलांनी पुढं मला कोर्टात सहा महिने ओळख दिली नाही. मी त्याच कोर्टात कारकून होतो, तेव्हा हे मला जरा महागात पडलं. पण मामांना ते सांगण्यात अर्थ नव्हता. ते म्हणाले असते, की ओळख न देणारा माणूस म्हणजे तेवढाच वेळ वाचला.

पुण्याकडचे एक गृहस्थ एकदा त्यांच्याकडे उतरले होते. आमची मराठी ऐकून ते हसू आवरत होते. शेवटी म्हणाले, "तुमचं बोलणं फार जुनं वाटतं हो." मामा म्हणाले, "राजा गेला, राज्य गेलं. भाषा तेवढी आमच्याबरोबर घरात बसून आहे. तुमची बरीच हिंडलेली दिसते." पाहुणे दुसऱ्या दिवशी निघाले.

ह्या सगळ्याला लोक हसत. मीही हसे. वैराचं मूळ मला त्यांनी कधी सांगितलं नाही. ते मामीकडून कळलं. मामांचे वडील त्या महालाचे राखणदार होते. महालाची व्यवस्था, किल्ल्या, राजांच्या येण्याआधीची साफसफाई, सगळं त्यांच्याकडे. मामांचा जन्म त्या महालातच, वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत झाला. त्यांची मुंज झाली त्याच सुमारास राजे निपुत्रिक वारले आणि साहेब लोक लाखेच्या मोहरा घेऊन आले. महालातलं सामान बाहेर वाळूवर मांडून त्याचा लिलाव झाला. झुंबरं, आरसे, पालख्या, पोपटांचे पिंजरे; आणि त्याच ढिगात मामांच्या आईची माहेरची पितळी भांडी. वडील साहेबाला म्हणाले, "ही माझ्या कुटुंबाची आहेत." साहेबानं विचारलं, "पुरावा?" पातेल्याला कसला पुरावा असतो? तेव्हा त्या गृहस्थानं, ज्यानं सगळ्या महालाच्या किल्ल्या कमरेला बाळगल्या होत्या, स्वतःच्या बायकोच्या भांड्यांवर चारचौघांत बोली लावली. आणि एका व्यापाऱ्यानं जास्त बोली लावून ती नेली. बायको आणि मुलगा तिथंच उभे होते. मग बैलगाडीनं ते कुंभकोणाला आले. उरलेलं आयुष्य मामांच्या वडिलांनी ओसरीवर बसून काढलं, आणि तेही फार उरलेलं नव्हतं. मामी म्हणाली, "ह्यांना रागवायला साहेब पुरेसा नव्हता रे. साहेब तर बदलून जायचा. समुद्र जागचा हलत नाही, म्हणून त्याच्यावर रागावले."

आमचं पहिलं मूल जन्मतःच गेलं. त्या बाळंतपणात तुळजाला जो ताप लागला तो निघेना. वैद्य झाले, काढे झाले. पाऊस संपला, मार्गशीर्ष गेला, तरी खोकला जाईना. उठून बसली की कपाळावर घाम यायचा. शेवटी इस्पितळातल्या डॉक्टरला दाखवलं. तो तरुण होता आणि फार बोलणारा नव्हता. छातीला नळी लावून झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "समुद्रकाठी न्या. मोकळा वारा, ऊन, दूध. पट्टणमला गोरा डॉक्टर येऊन असतो, तिथंच न्या. ह्यापलीकडे माझ्याकडे औषध नाही."

मी मामीला सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. "त्यांना कळू देऊ नको," ती म्हणाली. "जेवण सोडतील आणि पोरीलाही सोडणार नाहीत." आम्ही दोघांनी मसलत केली, की तंजावरला माझ्या बहिणीकडे नेतो असं सांगायचं आणि परस्पर पूर्वेची गाडी धरायची. मसलत अगदी रंगात आली असताना दारात सावली पडली. मामा मळ्यातून आले होते. हातात पानांची टोपली तशीच. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"अहो जावईबापू," ते म्हणाले.

मी सवयीनं वाट शोधली. वाटेत तेच उभे होते.

"तंजावर पश्चिमेला आहे," ते म्हणाले. "पोरीला न्यायची आहे पूर्वेला. खोटं बोलायचं तर दिशा तरी सांभाळून बोलावं." त्यांनी टोपली खाली ठेवली. पानं ओली होती, ती नीट झाकली. मग विचारलं, "गाडी केव्हा आहे?"

एवढंच. मी आयुष्यभर त्यांच्या भडक्याची वाट पाहिली होती, त्या दिवशीही पाहिली. तो आला नाही. मला वाटतं, आला असता तर मला बरं वाटलं असतं.

आगगाडीत ते इंजिनाकडे पाठ करून बसले. तुळजाचं डोकं त्यांच्या मांडीवर. पुढचा रस्ता बैलगाडीचा. वाळू लागली, ताडांचे शेंडे दिसू लागले, आणि एका वळणावर वाऱ्याला तो वास आला. तुळजानं डोळे उघडले आणि म्हणाली, "अप्पा, हाच का?" मामा म्हणाले, "हाच." मी महालाकडे पाहत होतो. पांढरा, उंच, लाटांच्या इतका जवळ की भरतीला पायऱ्या भिजाव्यात. इतकी वर्षं ऐकून ऐकून मी तो कुरूप कल्पिला होता. तो फार देखणा होता, आणि ह्याचा मला मामांच्या वतीनं राग आला.

गावातली भाड्याची घरं भरलेली होती. उरला महाल. तिथली व्यवस्था पाहणारा एक म्हातारा साहेब व्हरांड्यात चिरूट ओढत बसला होता आणि शेजारी त्याचा दुभाषी. साहेबानं आमच्याकडे न बघता सांगितलं, की मुख्य इमारत गोऱ्या लोकांसाठी आहे. मागच्या बाजूला जुन्या मुदपाकखान्याच्या खोल्या आहेत, त्यात एतद्देशीयांना राहता येईल, जागा असली तर, आणि वागणूक बरी असली तर. मला वाटलं, आता होणार. आता मामा बोट वर करून सांगणार की त्या वरच्या मजल्यावर माझा जन्म झाला. आणि आम्ही तिघं बैलगाडीत बसून परत जाणार. आणि तुळजाचं काय व्हायचं ते होणार.

मामांनी पायातल्या वहाणा काढल्या. डोकं किंचित वाकवलं. दुभाष्याला तमिळमध्ये म्हणाले, "खोली कुठलीही द्या. फक्त कोपऱ्यातली, पूर्वेच्या खिडकीची असली तर बरं. समुद्राचा वारा सरळ यायला हवा."

दुभाष्यानं ते सांगितल्यावर साहेबानं पहिल्यांदा आमच्याकडे पाहिलं. काही विचारलं. दुभाषी म्हणाला, "साहेब विचारतात, मागच्या बाजूला कोपऱ्यात पूर्वेची खिडकी आहे हे तुम्हाला कसं ठाऊक? पूर्वी इथं आला होतात?"

"नाही," मामा म्हणाले. "कधीच नाही."

आम्हाला ती खोली मिळाली.

तिथं आम्ही उन्हाळाभर राहिलो. मी कोर्टात रजेचे अर्ज पाठवत येत-जात होतो. मामा जागचे हलले नाहीत. ऊन कोवळं असेपर्यंत तुळजाला वाळूत बसवायचं, वारा बोचरा झाला की आत न्यायचं, हाताला धरून चालवायचं, आज एका होडीपर्यंत, उद्या दुसऱ्या. जेवण नव्या मुदपाकखान्यातून येई, त्यात कुठलं मीठ होतं हे कुणी विचारलं नाही, त्यांनी तर नाहीच. गोऱ्या डॉक्टरला यायला फुरसत झाली नाही, पण वाऱ्याला झाली. हळूहळू तुळजाच्या गालांवर रंग आला. एक दिवस तिनं दुसऱ्यांदा भात मागितला. मामा ताटावरून उठून बाहेर गेले आणि बराच वेळ समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. काय बोलले असतील ते मला माहीत नाही. शत्रूचे आभार मानायची भाषा त्यांना येत नव्हती, आणि शिकायचं वयही राहिलं नव्हतं.

आमच्या राहण्याची मुदत वाढवून घ्यायची होती त्या दिवशीची गोष्ट. महालाच्या मागे दगडी बांधलेलं एक कोरडं टाकं होतं. दोन-तीन गोऱ्या मडमा ते पाहायला आल्या होत्या आणि दुभाषी त्यांना मोठ्या रंगात सांगत होता, की राजानं ह्यात वाघ पाळले होते आणि नावडत्या राण्यांना वरून ढकलत असे. मडमा किंचाळत होत्या. त्यांना फार आनंद होत होता. मामा अर्ज घेऊन तिथंच उभे. एका मडमेनं त्यांच्याकडे पाहून दुभाष्याला काही म्हटलं. दुभाषी वळून म्हणाला, "बाईसाहेब विचारतात, तुम्ही म्हातारे आहात, तुम्ही ऐकलं असेल. हे खरं ना?" अर्ज दुभाष्याच्याच हातून साहेबाकडे जायचा होता.

मामा म्हणाले, "खरं. फार मोठे वाघ होते."

अर्ज मंजूर झाला. खोलीत आल्यावर मी दात-ओठ खात बसलो होतो. मामा पंचा खांद्यावरून काढता काढता म्हणाले, "वाघ म्हणे! अरे, तिथं माझी आई लुगडी धुवायची." आणि एकदम हसत सुटले. असे हसले की ठसका लागला, तुळजानं पाणी आणून दिलं, तरी हसणं थांबेना. "तिला पाहून वडील भीत असत, तेवढं मात्र खरं," असं म्हणत त्यांनी डोळे पुसले. पुसत राहिले.

तुळजाला धडधाकट घेऊन आम्ही कुंभकोणाला परतलो. गावाला कौतुक. ती ज्याला-त्याला समुद्राचं वर्णन सांगू लागली: लाटा अशा, होड्या अशा, वारा असा. मामा ओसरीवर बसून ऐकत. मामीनं त्यांच्यासाठी सैंधव काढून ठेवलं, तर म्हणाले, "दोन मिठं कशाला? सगळ्यांचं तेच घाल." भजनात सगळ्यांबरोबर सागर म्हणू लागले. भागवतरांनी चमकून पाहिलं, पण झांजा थांबवल्या नाहीत. पुढल्या उन्हाळ्यात ते स्टेशनवर गेले खरे, तंजावरची गाडी धरायला. फलाटावर तेच वकील होते, त्याच ट्रंका. वकिलांना जुनी गोष्ट आठवली असावी. थट्टेनं म्हणाले, "काय हो, यंदा अडवणार नाही का आम्हाला?" मामा म्हणाले, "जा. हवा चांगली आहे."

लोक म्हणाले, म्हातारा निवळला. सुधारला. लेकीच्या दुखण्यानं शहाणपण आलं. कोर्टातले माझे साहेब तर म्हणाले, की पाहा, शेवटी माणूस गुणाची कदर करतो. मी मान डोलावली. साहेबापुढं मान डोलावण्याचा पगार मिळत होता. पण मला दिसत होतं ते असं, की ह्या माणसाजवळ बापाकडून आलेली एकच वस्तू शिल्लक राहिली होती, आणि ती त्यानं लेकीसाठी मोडून खाल्ली. आता तो रिकामा होता. पानमळ्यात जाई, परत येई, जेवी, झोपे. मला 'अरे' म्हणेना आणि 'अहो'ही म्हणेना. नावानं हाक मारी, जशी सगळेच मारतात. त्यांच्याशी वाद घालावा म्हणून मी एकदा मुद्दाम साहेबांच्या राज्याची स्तुती केली, रेल्वे, इस्पितळं, टपाल. "असेल," म्हणाले. मी त्या रात्री नीट जेवलो नाही.

काही वर्षांनी, एका भाद्रपदात, फारसं कुणाला न दुखवता ते गेले.

तुळजानं मात्र पट्टणम सोडलं नाही. दर उन्हाळ्यात तिला जावंसं वाटे, आणि आम्ही जात असू; आता गावात आमच्या ओळखीचं भाड्याचं घर झालं होतं. आमची मुलगी कळती झाल्यावर पहिल्यांदा आली, तेव्हा संध्याकाळी आम्ही तिघं वाळूत बसलो होतो. महालाच्या खिडक्यांत दिवे लागत होते, आत कुणी तरी पियानो बडवत होतं. मुलीनं आजोबांना पाहिलं होतं ते ओसरीवर गप्प बसलेले, तेवढेच. आई आजारी असताना ते तिला घेऊन इथं राहिले होते हे तिला ठाऊक होतं. बाकी काही आम्ही सांगितलं नव्हतं. ती बराच वेळ लाटांकडे पाहत होती. मग म्हणाली, "आई, आजोबांना हे गाव फार आवडत असेल, नाही?"

मी तुळजाकडे पाहिलं. तिनं वाऱ्यानं कपाळावर आलेले केस मागे सारले.

"फार," ती म्हणाली. "इतकं कुणाला कुठलं गाव आवडलेलं मी पाहिलं नाही."

मुलगी उठून पाण्याच्या कडेला गेली. आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो, अंधार पडेपर्यंत.